महिन्याची पहिली मोटार

वंदीची माय,

तू गेली त्याले आज चोवीस दिवस झाले. येणारा-जाणारा म्हणते, बुढ्या, रडून मोकळा हो. रडणं बाजूले राहू दे, मी तुह्यावर चिडून आहो. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तू जितेपणी मले चिडू कुठं दिलं. मी तोंड उघडलं की तू ताट समोर सरकवत होती. आता ताट सरकवणारं कोणी नाही, म्हणून बोलतो.

मी चौथी शिकलेला. लिहिणं माहं काम नव्हतं, ते तुहं होतं. पण वंदी पुसदहून आली ती अजून गेली नाही, तिनंच ही वही हातात दिली. म्हणे, "बाबा, भिंतीसंग बोलून राह्यले तुम्ही. त्यापेक्षा लिहून काढा." म्हणून लिहून राह्यलो. अक्षर वाकडं येते. तुह्या खजिनदारीच्या वहीतलं अक्षर सरळ होतं, सगळे म्हणत. त्या सरळ अक्षराच्या वहीनंच माहं डोकं फिरवलं.

पुण्यानुमोदनाले संघटनेचे झाडून सगळे आले होते. जेवले, तुह्या फोटोले हार घातला. वसंता अध्यक्ष, तो दोन शब्द बोलला, काकूसारखी बाई होणे नाही म्हणे. नारायणनं तर डोळे पुसले. अन् चौथ्या दिवशी सकाळी हे दोघं आपल्या दारात. मी दात घासून राह्यलो होतो.

"काका, ड्रमची चाबी द्या," वसंता म्हणे.

"बस तर खरं. चहा घे."

"चहा मग. आधी मोजून घेऊ. वर्ष संपलं, हिशेब धर्मादाय कार्यालयात द्याचा आहे."

चोवीस वर्षांपासून ओळखतो मी या वसंताले. त्याले पहिली मोटार कशी उघडाची ते मी शिकवलं. त्यानं तुह्या फोटोकडे पाह्यलंबी नाही, सरळ मागच्या आंगणात गेला.

ही वही पुढं कोणाच्या हातात पडली तर त्याले कळावं म्हणून सांगतो. आम्ही वाइंडर. शेतातली मोटार जळली की लोक दुकानात आणतात, आम्ही जळलेली तार काढतो अन् नवीन भरून देतो. जुनी तांब्याची तार दुकानवाल्याची, ही रीत पहिलेपासून आहे. दिग्रसच्या अन् आजूबाजूच्या अकरा दुकानांची मिळून आमची संघटना. तिची वर्गणी पैशात नाही. महिन्याची पहिली मोटार संघटनेची, म्हणजे महिन्यात पहिल्यांदा जी मोटार भराले आली तिची जुनी तार संघटनेच्या ड्रमात टाकाची. वर्षाच्या शेवटी ती व्यापाऱ्याले विकाची. कोणाले करंट लागला, कोणाचा हात भाजला, कोण्या वाइंडरच्या घरी माती झाली, त्याले त्यातून मदत. एवढीच संघटना. ना ऑफिस, ना टेबल. ड्रम आपल्या आंगणात अन् वही तुह्या पेटीत.

तुले खजिनदार काहून केलं ते आठवते ना तुले. आधीच्या खजिनदाराच्या वेळेले वहीत जास्त अन् ड्रमात कमी निघालं. त्याले काढला. मग अकरा जणांत एकाचाही दुसऱ्यावर भरोसा नाही. तेव्हा हेच वसंता-नारायण म्हणे, काकू सातवी पास आहे, घरी कॉइल भरते, अन् काका तर वहीत डोकावत नाही. मले कोणी विचारलं नाही. तूबी विचारलं नाही. घरी येऊन म्हणाली, "मी हो म्हणून आली." चहा ठेवला अन् विषय संपला.

तर त्या दिवशी त्यायनं ड्रम मोजला. वरचं प्लास्टिक-कागद मी जाळून काढलेली साफ तार, एक-एक गठ्ठा काट्यावर ठेवला. वहीत दोनशे दहा किलो. काट्यावर एकशे अठ्ठ्याहत्तर. वसंतानं दोनदा मोजलं. नारायणनं तिसऱ्यांदा.

"बत्तीस किलो कमी आहे, काका."

"काटा पाहून घे."

"काटा तुमच्याच घरचा आहे," नारायण म्हणे. "तो तुमच्याच बाजूनं बोलीन. तरी बत्तीस किलो म्हणून राह्यला."

वीस-बावीस हजाराचं तांबं. म्हणे रविवारी सभा आहे. तोवर भरून द्या, नाहीतर वहीत काकूच्या नावावर टाकावं लागते. अन् नारायण जाता जाता म्हणे, "श्रद्धांजलीचा ठराव मांडाचा होता, तो आता घट भरून निघाल्यावर पाहू." वंदी चहा घेऊन दारात उभी होती. तो चहा आम्ही दोघांनीच पिला.

मी वंदीले म्हटलं, वाच ती वही. पहिल्या पानापासून. ती वाचत बसली, मी ऐकत बसलो. तारीख, नाव, किती किलो, अन् देणाऱ्याची सही. मधे मधे हसू आलं. सुरुवातीच्या महिन्यांत नारायण सोडून सगळ्यांची पहिली मोटार कूलरचीच निघे. अर्धा किलो, पाव किलो. शेतातली पाच एचपी दुसऱ्या नंबरले, म्हणजे ती दुकानाची. मग तू डोकं चालवलं. वर्षाच्या सभेत कोणी किती किलो दिली त्याची यादी वाचून दाखवाची अन् पहिल्या तिघायले नारळ-दुपट्टा द्याचा. तेव्हापासून बघ. जो तो मोठी मोटार आणे. तार तर तार, तिच्यासंग मोटारीतलं प्लास्टिक, कागद, बांबूच्या कांड्या, सगळं तसंच. धुरानं शेजारी भांडतात म्हणून संघटनेची तार कोणी आपल्या दुकानात जाळे नाही, अन् अशी न जाळलेली कच्ची तार काट्यावर जड येते. तू समोर तोलून लिहिलं, त्यानं सही केली.

वही सरळ वाचून संपली, काही सापडलं नाही. मग वंदीनं ती उलटी केली. मागच्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात दर वर्षाची एक ओळ. घट पंचवीस, दुकानातून. घट अठ्ठावीस, दुकानातून. घट एकोणतीस, दुकानातून. नऊ वर्षं. शेवटच्या ओळीत फक्त 'घट' लिहिलं अन् पुढं कोरं.

वंदी म्हणे, "बाबा, दुकानातून म्हणजे?"

मी लगेच समजलो. दुकान आपलंच, दुसरं कोणतं राहीन. माह्या पोत्यातली तार तू नेऊन त्यायच्या ड्रमात टाकत होती. नऊ वर्षं.

तुले आता ऐकावंच लागीन. मी तुले किती वेळा म्हटलं होतं, पोतं हलकं लागून राह्यलं. मी चौथी शिकलेला असलो तरी मोटारी मोजता येतात मले. इतक्या मोटारी भरल्या म्हणजे इतकं तांबं निघाले पायजे, माहा अंदाज चुकत नाही. दर वर्षी कमी. तू म्हणत होती, "आणखी एकदा मोजा." मी मोजलं. कमीच. तू म्हणे, "मग तसंच असन." काय तोंड करून म्हणत होती ते आता आठवलं की राग येते.

दुकानाची दुसरी चाबी एकाच माणसाकडे होती. तुह्या लहान भावाकडे. दादाराव माह्या हाताखाली शिकला, माह्यासंग अठरा वर्षं बसला. मी कोणावर संशय घेणार होतो, तुह्यावर? मी त्याले गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, बहिणीच्या घरात खाते अन् बहिणीच्याच घरात चोरी करते. त्यानं चाबी काढली, टेबलावरच्या व्हाइसच्या बाजूले ठेवली अन् गेला. तू आतल्या दारात उभी होती. तुह्या हातात चहाचे कप होते, तीन. तू ते तीनही आत नेले.

तवा तू बोलाले पायजे होतं. त्याच मिनटाले. दोन दिवस तू माह्यासंग बोलली नाही, मले वाटलं भावाच्या करणीची लाज वाटून राह्यली हिले. उलट मीच मनात म्हटलं, बिचारी. आता सांग, मी बिचारी कोणाले म्हटलं?

आठ वर्षं झाली त्याले. तो गेल्यावरबी पोतं हलकंच लागे, पण एकदा चोर म्हटल्यावर आपण चुकलो हे मले मानाचं नव्हतं. त्यानं आर्णीत दुकान टाकलं. तू वर्षातून एकदा एसटीनं एकटी जाये अन् संध्याकाळच्या गाडीनं वापस येये. मी विचारलं नाही कसा आहे, तू सांगतलं नाही. माणूस मेला तरच आम्ही समोरासमोर येऊ, असं मी एकदा बोललो होतो. तसंच झालं. तुह्या तिरडीले त्यानं मागून खांदा दिला. मी पुढं होतो. मागं वळून पाह्यलं नाही.

वंदी म्हणे, "बाबा, पोत्यात चाळीस किलो आहे आपल्या. बत्तीस टाका अन् मोकळे व्हा. आई हेच करत होती."

"अन् तुह्या मामाचं काय?"

"मामाले कोण विचारून राह्यलं?"

"मी," मी म्हटलं.

तिनं माह्याकडे असं पाह्यलं जसं तू पाहत होती, मी खारट भाजीले बरी आहे म्हटलं की.

मी भरून दिलं असतं तर वही बरोबर झाली असती. तुहा ठरावबी झाला असता, नारायण पुन्हा डोळे पुसून मोकळा. पण दादाराव चोर तो चोरच राह्यला असता, अन् पुढच्या वर्षी पुन्हा घट निघाली असती, तवा कोणी दुसऱ्या बाईले पकडलं असतं.

मी आर्णीले गेलो. वंदीचा नवरा सोडून देतो म्हणे, मी एसटीनंच गेलो, तू जात होती त्या गाडीनं. दादारावचं दुकान लहान आहे पण नीट आहे. तो कॉइल भरून राह्यला होता. मान वर केली नाही.

"या भाऊजी. चाबी हरवली का?"

"हरवली नाही. खिळ्याले टांगून आहे."

"मग?"

मी सगळं सांगतलं. बत्तीस किलो, पेन्सिलीच्या ओळी, दुकानातून. बोलता बोलता त्याचा हात थांबला नाही. शेवटी फेरे संपले, त्यानं तारेले गाठ मारली अन् म्हणे, "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बाई तार नेते ते. मी डोळ्यानं पाह्यलं होतं, दोनदा. पिशवीत घालून. कायले नेते ते माहीत नव्हतं." तुले तो अजूनबी बाईच म्हणते.

"मग तवा काहून बोलला नाही?"

"मले वाटलं तुम्ही घरात पैसे देत नसान. म्हणून बिचारी चोरून विकते." त्यानं पहिल्यांदा माह्याकडे पाह्यलं. "तुम्ही होतेच तसे, भाऊजी."

मी तिथंच मोडक्या स्टूलावर बसलो. तुह्या लुगड्याचे पैसे देताना मी दोनदा विचारत होतो, हे त्याले माहीत होतं.

"अन् ती दर वर्षी यायची तवा? तवा काही बोलली नाही?"

"नाही. मीबी बोललो नाही. चहा पिऊन जाये. चिवडा आणे तुमच्या दुकानासमोरचा."

दोघं भाऊबहीण आठ वर्षं समोरासमोर बसून चहा पिले. तो समजे बहीण नवऱ्याच्या चोरून तार विकते, म्हणून तो चोर झाला. अन् तुले वाटलं असन, यानं आपल्यावर उपकार केला. कोणी कोणाले काही विचारलं नाही. तुमच्या घराण्यात तोंडं शिवून पाठवतात काय, मी त्याले म्हटलं. तो हसला नाही. पण त्याच्या बायकोनं चहा आणला तो मी पिलो.

मी म्हटलं, "रविवारी ये. तुहा तराजू घेऊन ये. माह्या काट्यावर त्यायचा भरोसा नाही."

"मी कायले येऊ? तुमच्या संघटनेत माहं काय आहे?"

"काही नाही. म्हणूनच ये."

तो येतो म्हणाला नाही.

मधले दोन दिवस मी दुकानात बसलो. तू कॉइल मोजत होती ते आठवलं. तार गुंडाळाचा फर्मा मी फिरवायचो, फेरे तू मोठ्यानं मोजायची. मधे मी बोललो की तू चिडे, "एकशे चाळीस, आता चूप बसा." मी मुद्दाम बोलायचो कधी कधी. परवा एकट्यानं भराले बसलो अन् मोजणं चुकलं. तीनदा उकललं. गिऱ्हाइकाले म्हटलं, उद्या ये. तुह्यावर चिडलो आहो तरी हे लिहून ठेवतो, की माह्या दुकानाची एकबी मोटार फेरे कमी पडून वापस आली नाही, ते तुह्या मोजण्यानं.

दवाखान्यातलंबी आठवलं. दिवाळीपासून यवतमाळच्या वाऱ्या सुरू झाल्या तुह्या. शेवटच्या हप्त्यात तू म्हणाली, "ड्रम भराचा राह्यला." मले वाटलं बरळून राह्यली. मी म्हटलं, मरू दे तुहा ड्रम. तू माह्याकडे पाहत राह्यली अन् भिंतीकडे कूस बदलली. तुह्यावर चिडता चिडता हे वाक्य मधे येते अन् मग चिडता येत नाही. पण मले काय माहीत होतं. तू सांगतलं कुठं.

रविवारी सभा शाळेच्या मागच्या पटांगणात. नवीन महिना लागलेला, म्हणून सगळे आपापल्या पहिल्या मोटारीची तार पोत्यात घेऊन आलेले. मले तेच पायजे होतं. दादाराव आला. फाटकाजवळ मोटारसायकल लावून उभा राह्यला, मागं तराजू बांधलेला. आत आला नाही.

वसंतानं प्रास्ताविक सुरू केलं. मी म्हटलं, "भाषण मग. नारायण, तुहं पोतं आण."

"माहं काहून?"

"तुहं जड असते म्हणून. नारळ तूच नेते दर वर्षी."

दोघं-तिघं हसले. मी दादारावले हात केला. त्यानं तराजू आणला, सगळ्यांसमोर टांगला, वजनं ठेवली. त्याले ओळखणारे कुजबुजले. नारायणची तार सात किलो चारशे ग्रॅम. मी म्हटलं, "वसंता, लिही. अन् नारायण, सही कर." त्यानं सही केली. त्याचं तोंड फुललं होतं, या महिन्यातबी तोच पहिला.

मग मी म्हटलं, "आता हे इथंच जाळाचं."

"इथं? सभेत?"

"सभेतच. माह्या आंगणात जाळलं की तुम्ही म्हणता घरात गेलं."

मी कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भारा आधीच आणून ठेवला होता. पेटवला. काळा धूर निघाला. लोक नाकाले रुमाल लावून खुर्च्या मागं नेऊन राह्यले होते, पण गेला कोणी नाही. प्लास्टिक गळलं, कागद गेला, कांड्यांचे कोळसे झाले. थंड होऊ दिलं. पाणी टाकलं नाही, नाहीतर नारायण म्हणाला असता पाण्यानं वजन केलं. मी तार दगडावर आपटली, राख झाडली, अन् तुह्या भावानं ती पारड्यात ठेवली.

सहा किलो तीनशे.

दहा वर्षांआधी, तू खजिनदार झाल्याच्या पहिल्याच सभेत, तू तार जाळून मग तोललेली लिहून आणली होती. तवा हाच नारायण उभा राहून ओरडला होता, "बाई, मी सात दिली, सहा कशी झाली? एक किलो कोणाच्या घरात गेली?" सगळे हसले होते. तू खाली बसली अन् त्यानंतर पुन्हा कधी ते बोलली नाही. मी तिथंच होतो. मीबी बोललो नाही. तंबाखू मळत होतो.

या वेळेले मी म्हटलं, "नारायण, एक किलो शंभर ग्रॅम कोणाच्या घरात गेली?"

त्यानं तराजूकडे पाह्यलं, दादारावकडे पाह्यलं. मागून कोणीतरी म्हणे, "धुरात गेली, बाप्पा. माह्या डोळ्यात आहे थोडी."

वंदीनं हिशेब केला. सातात एक किलोच्या वर, तर दोनशे दहात किती. ती म्हणे, एकतीस-बत्तीस. वसंतानं कागद हातात घेतला अन् परत केला.

यायले काय माहीत नव्हतं? रोज तार जाळणारी माणसं ही. पण आपापल्या दुकानात कोणी कच्ची तोलत नाही, जाळून मगच काट्यावर ठेवतो. अन् संघटनेले देताना कच्ची देतो, कारण यादीत आकडा मोठा येते. घट काहून येते हे बोलावं तर आपलाच आकडा कमी करावा लागीन. म्हणून अकराही जण चूप. एकाले चोर करून काढला, दुसरीले खजिनदार केली. अन् जाळत होतं कोण? मी. दर वर्षी या हातानं ड्रमभर तार जाळली अन् माह्या डोक्यात आलं नाही की जे जळते ते कुठून तरी कमी होते, आर्णीच्या एसटीत बसलो तवा कुठं उजेड पडला.

"काकूनं आधीच सांगतलं असतं तर," वसंता म्हणे.

"सांगतलं होतं. तुम्ही तिले खाली बसवलं."

मग मी वही उलटी करून मागचं पान दाखवलं. हातोहात फिरलं. नारायणनं लय वेळ धरून ठेवलं. वसंता म्हणे, काका, नऊ वर्षांचं तांबं संघटना तुम्हाले परत देईल, ठराव घेतो. मी म्हटलं, घे. नाही कायले म्हणू. मोठेपणा कराची सवय मले नाही, ती तुले होती.

"पण आधी दुसरं लिही," मी म्हटलं. "लिही की दादारावनं तार चोरली नाही."

वसंता गोंधळला. "काका, ते संघटनेच्या वहीत कसं लिहू? ते तुमचं घरचं आहे."

"तार तुमच्या ड्रमात पडली. नाव तुमच्या वहीत पडीन. मी त्याले भर दुकानात चोर म्हटलं, तर चोर नाही हे अकरा दुकानांसमोर म्हणतो."

त्यानं लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या. नारायणनंबी केली. तुहा श्रद्धांजलीचा ठराव त्याच्या खाली आहे, तो वाचताना मी बाहेर उभा होतो. तेव्हाच असंही ठरलं की यापुढं तार जाळूनच तोलाची अन् नारळ बंद. नारळ बंद म्हटल्यावर दोघांनी तोंड वाकडं केलं.

नारळाचं निघालं म्हणून सांगतो. नऊ वर्षं मी घरी येऊन कुरकुर करत होतो, आपल्याले कधी नारळ मिळत नाही. तू म्हणत होती, "तुम्ही कूलरच्या मोटारी देता." खरं म्हणजे ड्रमात सगळ्यात जास्त तार आपलीच होती. हे तू मनात ठेवून माह्या तोंडावर कूलरच्या मोटारी काढत होती. तुले हसू कसं आलं नाही? का येत होतं, अन् ताट सरकवायच्या निमित्तानं तू तोंड वळवत होती?

सभेत सगळं सांगतलं, एक गोष्ट नाही सांगतली. ती तुले सांगतो. वंदी म्हणे, आईनं तुम्हाले विचारलं काहून नाही? मी तिले म्हटलं, तिचा स्वभाव. खोटं बोललो. तू विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. वर चार गोष्टी ऐकवल्या असत्या, अन् दुसऱ्या दिवशी वही नेऊन वसंताच्या अंगावर फेकली असती. मग संघटना राह्यली नसती, अन् ज्याचा हात भाजला त्याले दवाखाना राह्यला नसता. हे तुले माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण तीन कप चहा घेऊन तू आत गेली, ते मी सोडणार नाही. तिथं तुले बोलाले पायजे होतं. माह्या तोंडावर तार फेकून बोलाले पायजे होतं.

सभा सुटली तवा दादाराव तराजू गाडीले बांधून राह्यला होता. मी जवळ गेलो. जेवून जा म्हटलं तर तो म्हणे, घरी वाट पाहतात. माफी मागाचं मी एसटीपासून ठरवून ठेवलं होतं, तोंडातून निघाली नाही. मग खिशातून दुकानाची चाबी काढली, सकाळीच खिळ्यावरून घेतली होती, अन् रिकाम्या पारड्यात ठेवली.

त्यानं तिच्याकडे पाह्यलं. उचलली नाही. काढूनबी टाकली नाही. दोरी आवळली, किक मारली, अन् म्हणे, "बाईचा फोटो चांगला काढला नाही तुम्ही. चष्मा नव्हता घालाले पायजे." अन् गेला. चाबी पारड्यात वाजत होती, ती चौकापर्यंत ऐकू आली.

फोटो बदलतो. दुसरा वंदीकडे आहे, बिनचष्म्याचा.